रक्त गोठवणारे प्रथिन : वाचकांच्या शंका

शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासण्यांविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रे आली, त्यांपैकी बरीचशी एकाच प्रथिनाभोवती फिरणारी निघाली. काहींनी त्याचे नाव अहवालात वाचले होते. काहींच्या पत्रात ते नाव कोठेही नव्हते, पण प्रश्न त्याचाच होता. म्हणून या वेळचे सदर फायब्रिनोजेन आणि त्यापासून तयार होणारे फायब्रिन या जोडीलाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६८) हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. तपासणीत फायब्रिनोजेन ५२० आले असून पुढे ‘जास्त’ असा शेरा आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना ताप आणि खोकला होता. रक्त घट्ट झाले आहे असे समजायचे का? ते पातळ करण्यासाठी काय द्यावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : केवळ या आकड्यासाठी काहीही देऊ नये. फायब्रिनोजेन यकृतात तयार होते आणि रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळलेल्या स्वरूपात फिरत असते. निरोगी प्रौढाच्या दर १०० मिलिलिटर प्लाझ्मात ते साधारणपणे २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट्स त्या जागी चिकटतात, आणि त्याच सुमारास गोठण घटकांची साखळी सुरू होऊन तिच्या अखेरीस थ्रॉम्बिन नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते. हे थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनच्या रेणूवरून चार छोटे तुकडे छाटून टाकते. ते तुकडे निघून जाताच, इतका वेळ एकमेकांपासून अलिप्त राहिलेले रेणू परस्परांना चिकटू लागतात आणि त्यांचे धागे होतात. या न विरघळणाऱ्या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. मग क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गोठण घटकांपैकी तेरावा घटक हे धागे आडवेतिडवे सांधून पक्के करतो, आणि तांबड्या पेशी त्या जाळ्यात अडकून जी तयार होते ती आपल्याला दिसणारी गुठळी. इटलीच्या मार्चेलो माल्पिघी यांनी १६६६ मध्ये गोठलेले रक्त पाण्याने धुऊन त्यातील हे पांढरे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. मात्र ते कशापासून होतात हे उलगडण्यास पुढे दोन शतकांहून अधिक काळ लागला.

यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फायब्रिनचे जाळे विणले जात असतानाच ते मोडण्याची तयारीही त्याच जाळ्यात केलेली असते. प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन धाग्यांना चिकटून राहते, रक्तवाहिनीच्या अस्तरातून आलेला एक पदार्थ त्याचे प्लाझ्मिनमध्ये रूपांतर करतो, आणि प्लाझ्मिन ते धागे कापून काढते. या सदरातील पुढची बहुतेक उत्तरे या दोन कामांच्या तोलाबद्दल आहेत.

आता वडिलांच्या अहवालाविषयी. संसर्ग, जखम, सांध्यांचा दाह किंवा शरीरातील कोणताही मोठा ताण यांत यकृत फायब्रिनोजेनचे उत्पादन वाढवते. त्यामुळे ताप-खोकल्यानंतर ५२० हा आकडा येणे मुळीच विशेष नाही. ईएसआर ही जुनी तपासणीही मुख्यतः याच प्रथिनामुळे वाढते, कारण ते जास्त असले की तांबड्या पेशी एकमेकींवर रचल्या जाऊन नळीत लवकर खाली बसतात. धूम्रपानाने फायब्रिनोजेन वाढते आणि ते सोडल्यावर उतरते; वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर शस्त्रक्रियेच्या निमित्ताने ती बंद करावी, एवढा एक उपाय मी सुचवीन. ज्यांचे फायब्रिनोजेन सतत वरच्या पातळीवर असते त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते हे खरे आहे, पण केवळ ते खाली आणणे हे उपचाराचे उद्दिष्ट मानले जात नाही. आपण ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे म्हणतो, ती या प्रथिनाचे प्रमाण कमी करण्यासाठी नसतातच. ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर काम करते, तर हेपॅरिन थ्रॉम्बिनला आणि त्याच्या आधीच्या घटकांना आवरते. शस्त्रक्रियेच्या तोंडावर घरच्या घरी ॲस्पिरिन सुरू केले, तर शल्यचिकित्सकाच्या अडचणीत भरच पडेल.

जाता जाता नमुन्याविषयी. ही तपासणी निळ्या टोपणाच्या नळीत घेतलेल्या रक्तावर होते. त्या नळीत सायट्रेट असते आणि रक्त खुणेपर्यंतच भरावे लागते; नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे प्रमाण चुकले तर आकडाही चुकतो. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वर उरणारे सीरम घेतात. त्यात फायब्रिनोजेन जवळजवळ नसतेच, कारण ते सगळे खालच्या गुठळीत गेलेले असते.

प्रश्न : आईला हृदयाची कृत्रिम झडप बसवली आहे आणि ती ॲसिट्रॉम ही रक्त गोठणे मंदावणारी गोळी घेते. मेथी-पालक खाल्ल्याने फायब्रिन वाढते असे शेजारणीने सांगितले. खरे आहे का?
— एक वाचिका, कळवा

उत्तर : नाही. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व असते आणि ॲसिट्रॉम त्याच्याच विरुद्ध काम करते, पण यकृताला ‘के’ जीवनसत्त्व लागते ते दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक उपयोगी स्वरूपात तयार करण्यासाठी. फायब्रिनोजेनला ते लागत नाही. पालेभाजी बंद करण्याची गरज नसते. दर आठवड्याला ती साधारण सारख्याच प्रमाणात असावी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर तपासणी चुकवू नये, इतकेच पथ्य.

प्रश्न : कंपनीच्या वार्षिक तपासणी पॅकेजमध्ये माझ्या ७२ वर्षांच्या आईचे डी-डायमर ६८० आले. करोनाच्या साथीत हा शब्द इतका ऐकला होता की घरात सगळेच घाबरले आहेत. आईला काहीही त्रास नाही.
— एक वाचक, खारघर

उत्तर : वर सांगितले की तेरावा घटक फायब्रिनचे धागे सांधतो आणि पुढे प्लाझ्मिन ते कापते. सांधलेल्या जागा प्लाझ्मिनला तोडता येत नाहीत, त्यामुळे जे जोडतुकडे रक्तात सुटतात त्यांना डी-डायमर म्हणतात. ठाण्यात जागोजागी जुन्या इमारती पाडून नव्या उभारल्या जात आहेत. रस्त्याने राडारोड्याचा डंपर गेला की कोठे तरी पाडकाम झाले एवढे कळते, पण कोणती इमारत पडली आणि का पाडली, हे डंपर पाहून सांगता येत नाही. डी-डायमरचे तसेच आहे. ते शस्त्रक्रियेनंतर वाढते. गर्भारपणात, न्यूमोनियात, कर्करोगात आणि पडून मार लागल्यावरही वाढते, आणि नुसत्या वयानेही वाढते.

या तपासणीचा खरा उपयोग उलट दिशेने आहे. एखाद्याचा पाय सुजला आहे किंवा त्याला धाप लागली आहे, आणि डॉक्टरांनी तपासून गुठळीची शक्यता कमी ठरवली आहे, अशा वेळी डी-डायमर मर्यादेच्या आत असेल तर पायातील किंवा फुप्फुसातील गुठळीची शंका बहुधा निकालात काढता येते आणि पुढचे सीटी स्कॅन टळते. ही मर्यादा सामान्यतः ५०० धरतात. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारी संख्या मर्यादा म्हणून वापरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्या हिशेबाने आपल्या आईसाठी ती ७२० होते आणि ६८० आतच राहते. तरीही अहवालातील एकक पाहावे, कारण हे आकडे एफईयू या एककातील आहेत. डीडीयू एककातील आकडा याच्या साधारण निम्मा येतो, आणि दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘दुप्पट झाले’ म्हणून धास्तावलेले लोक मी पाहिले आहेत. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाची ही तपासणी पॅकेजमध्ये घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यातून उपचार क्वचितच निघतो. बहुधा आणखी चार तपासण्या निघतात.

प्रश्न : सासऱ्यांना पक्षाघात झाला. ते पहाटे उठले तेव्हाच त्यांचा उजवा हात उचलत नव्हता. आम्ही घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून दोन तासांत रुग्णालय गाठले, तरी गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येणार नाही असे सांगण्यात आले. साडेचार तासांची मुदत असते असे वाचले होते. मग नकार का?
— एक वाचिका, कासारवडवली

उत्तर : ही मुदत लक्षण दिसल्यापासून मोजत नाहीत, रुग्ण ठणठणीत असल्याचे शेवटचे कधी पाहिले, तेव्हापासून मोजतात. सासरे रात्री दहाला झोपले असतील आणि मध्ये कोणी त्यांना पाहिले नसेल, तर घड्याळ दहापासून सुरू होते. काही केंद्रांत अशा रुग्णांचे एमआरआय किंवा विशेष सीटी करून मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे हे पाहतात आणि त्यावरून निर्णय घेतात. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत नळीवाटे गुठळी काढताही येते. पण तशी सोय नसलेल्या ठिकाणी डॉक्टरांनी दिलेला नकार योग्य मानावा लागेल.

त्यामागचे कारण औषधाच्या कामातच आहे. अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज ही औषधे प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन करतात, म्हणजे गुठळी मोडण्याची शरीराची स्वतःचीच यंत्रणा कित्येक पटींनी जोरात चालवतात. फायब्रिनला चिकटलेल्या प्लाझ्मिनोजेनवर त्यांचा रोख अधिक असतो. स्ट्रेप्टोकायनेज या जुन्या औषधाला असा भेद करता येत नाही आणि ते रक्तात फिरणारे फायब्रिनोजेनही सपाट्याने संपवते. मात्र नव्या औषधांनीही फायब्रिनोजेन काही प्रमाणात घटतेच, आणि जसजसा वेळ जातो तसतसा मेंदूचा मृत झालेला भाग व त्यातील कमकुवत रक्तवाहिन्या यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. इंजेक्शननंतर मेंदूत रक्तस्राव झालाच, तर औषध थांबवून जो रक्तघटक देतात तो फायब्रिनोजेनयुक्त क्रायोप्रेसिपिटेट हाच असतो. त्याची माहिती वाशीच्या पत्राच्या उत्तरात पुढे दिली आहे.

प्रश्न : आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे काम करणाऱ्या दादांना फुरसे चावले. रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे टेबलावर तसेच ठेवले आणि मगच प्रतिसर्पविष सुरू केले. एवढा वेळ का घालवला? हिरड्यांतून रक्त येत होते, तर थेट रक्त किंवा प्लाझ्मा का दिला नाही?
— एक शिक्षक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ती वीस मिनिटे वाया गेलेली नव्हती, तीच मुख्य तपासणी होती. फुरशाच्या विषात प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिनमध्ये रूपांतर घडवणारे विकर असते, तर घोणशीच्या विषातील विकरे दहाव्या आणि पाचव्या घटकांना उत्तेजित करतात. वाटा निरनिराळ्या असल्या तरी दोन्हींचा शेवट सारखाच होतो. रक्तवाहिन्यांच्या आत सर्वत्र गोठण्याची क्रिया सुरू होते, फायब्रिनोजेनचे अर्धवट धागे होतात, प्लाझ्मिन ते लगेच मोडते, आणि काही तासांतच रक्तातील फायब्रिनोजेन इतके खाली जाते की ते मोजताही येत नाही. मग गोठवायला काही उरतच नाही. हिरड्या, सुई टोचलेली जागा, लघवी, जिथून मिळेल तिथून रक्त पाझरते. म्हणजे विष रक्त गोठवते, आणि त्यामुळेच रक्त गोठेनासे होते.

हे ओळखण्यासाठी दोन मिलिलिटर ताजे रक्त नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करून पाहतात. रक्त पातळच राहिले तर विषाने फायब्रिनोजेन संपवले आहे असा निष्कर्ष निघतो. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या पृष्ठभागाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठणार नाही आणि निष्कर्ष फसेल. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि म्हणूनच मोखाडा-जव्हारच्या आरोग्य केंद्रातही ती मोठ्या शहरी रुग्णालयाइतकीच चांगली करता येते. मात्र हिरड्यांतून रक्त येण्यासारखी विषबाधेची उघड लक्षणे आधीपासूनच दिसत असतील, तर डॉक्टर निकालासाठी न थांबता औषध सुरू करतात. दादांना हिरड्यांचा रक्तस्राव केव्हा सुरू झाला हे पत्रातून स्पष्ट होत नाही, त्यामुळे त्या क्रमाविषयी मी अधिक काही म्हणत नाही.

थेट प्लाझ्मा का दिला नाही, हे आता लक्षात आले असेल. विष रक्तात मोकळे असेपर्यंत बाहेरून दिलेले फायब्रिनोजेनही ते तसेच खाऊन टाकते. आधी प्रतिसर्पविषाने विष निष्प्रभ करायचे आणि मग यकृताला वेळ द्यायचा, हा योग्य क्रम. यकृताला फायब्रिनोजेन पुन्हा पुरेशा पातळीवर आणण्यास काही तास लागतात. म्हणूनच नळीची तपासणी दर सहा तासांनी पुन्हा करतात आणि तिच्यावरून पुढची मात्रा ठरवतात. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. येऊरच्या जंगलात आढळणाऱ्या हिरव्या चापड्या या विषारी सापाच्या विषासाठी ते बनवलेले नाही, ही गोष्ट तेथे नेहमी फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. दंश झालेल्या भागावर दोरी आवळणे किंवा ब्लेडने चिरणे हे फुरसे-घोणशीच्या बाबतीत दुप्पट घातक, कारण जे रक्त गोठणारच नाही त्याला आपण नवे दार उघडून देतो. हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन माणसाला प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे, इतकेच करायचे.

विषयाला थोडे सोडून एक गंमत सांगतो. घोणशीचे विष अत्यंत विरल करून प्रयोगशाळेत एका तपासणीसाठी वापरले जाते. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा तरुण वयात गुठळ्या होणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे तिने ओळखता येतात.

प्रश्न : बहिणीला बाळंतपणानंतर भयंकर रक्तस्राव झाला. आम्हाला रक्ताबरोबर ‘क्रायो’च्या दहा पिशव्या आणायला सांगितले. रक्तपेढीने त्या वितळवायला वेळ लागेल असे सांगितले तेव्हा आमचा जीव टांगणीला लागला होता. इवल्याशा पिशव्या होत्या. प्लाझ्माची मोठी पिशवी आमच्यासमोर असताना तीच का चालली नाही? बहीण आता बरी आहे.
— एक वाचक, वाशी

उत्तर : बहीण सुखरूप आहे हे वाचून समाधान वाटले. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत फायब्रिनोजेन एरवीपेक्षा बरेच वाढलेले असते, ४०० ते ६०० च्या आसपास. वार सुटताना होणाऱ्या रक्तस्रावासाठी शरीराने आधीच केलेली ही तरतूद असते. त्यामुळे बाळंतिणीच्या अहवालात २०० हा आकडा ‘सामान्य’ म्हणून छापून आला तरी रक्तस्राव चालू असताना तो धोक्याचाच इशारा असतो. रक्तस्रावाच्या सुरुवातीलाच पातळी २०० च्या खाली असलेल्या स्त्रियांत पुढे गंभीर रक्तस्राव होण्याची शक्यता फार मोठी असते. मोठ्या रक्तस्रावात सर्व गोठण घटकांमध्ये फायब्रिनोजेन सर्वांत आधी तळाला जाते. ते गुठळीत खर्च होते, वाहून जाते, आणि सलाइनने उरलेलेही विरळ होते.

प्लाझ्माच्या एका मोठ्या पिशवीत, म्हणजे सुमारे पाव लिटरमध्ये, फायब्रिनोजेन असते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. बहिणीला किमान दोन ग्रॅम हवे होते असे धरले, तरी एक लिटर प्लाझ्मा चढवावा लागला असता. तो वितळवायला वेळ लागतोच, शिवाय एवढ्या द्रवाचा हृदयावर आणि फुप्फुसांवर भार पडतो. गोठवलेला प्लाझ्मा सुमारे चार अंश तापमानाला सावकाश वितळवला तर त्यातील काही प्रथिने न विरघळता तळाशी साठतात, आणि त्यांत फायब्रिनोजेन, आठवा घटक व तेरावा घटक हे एकवटलेले असतात, हे अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या ज्युडिथ ग्रॅहम पूल यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. त्यांचे लक्ष्य हिमोफिलियाचे, म्हणजे मुख्यतः आठव्या घटकाच्या जन्मजात अभावाने रक्त नीट न गोठणारे, रुग्ण होते. आज हिमोफिलियासाठी आठवा घटक स्वतंत्रपणे मिळतो, आणि त्यांच्या पद्धतीचा मुख्य उपयोग बहिणीसारख्या रुग्णांना होतो. क्रायोप्रेसिपिटेटची प्रत्येक पिशवी जेमतेम १० ते २० मिलिलिटरची असते, पण तीत निदान १५० मिलिग्रॅम आणि बहुधा त्याहून अधिक फायब्रिनोजेन असते. दहा पिशव्या म्हणजे पेलाभर द्रवात दीड-दोन ग्रॅम, असा हा हिशेब.

रक्तपेढी ते उणे ३० अंशांखाली साठवते, मागणी आल्यावर कोमट पाण्यात वितळवते, आणि एकदा वितळवले की ते काही तासांतच वापरावे लागते. म्हणून आधीपासून तयार ठेवता येत नाही. ही अडचण नसलेला पर्याय म्हणजे शुद्ध केलेल्या फायब्रिनोजेनची भुकटी. ती विषाणूंपासून सुरक्षित केलेली असते आणि पाण्यात कालवून लगेच देता येते, पण तिची किंमत आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांना आणि कुटुंबांना परवडणारी नाही.

बहिणीला बहुधा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडही दिले असेल. ते फायब्रिन बनवत नाही. प्लाझ्मिनोजेनला धाग्यांवर चिकटू देत नाही, त्यामुळे झालेली गुठळी टिकते. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६२ मध्ये शोधलेले हे औषध बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे वीस हजारांवर स्त्रियांच्या चाचणीतून २०१७ मध्ये सिद्ध झाले. ते स्वस्त आहे आणि शीतपेटीशिवाय टिकते. ज्या प्रसूतिगृहाजवळ रक्तपेढी नाही, त्याच्या कपाटात ते असलेच पाहिजे.

प्रश्न : (१) माझ्या डोळ्यावर वाढलेला मांसल पडदा काढून त्या जागी टाके न घालता ‘ग्लू’ने कलम चिकटवले. तो ग्लू माणसाच्या रक्तापासून बनतो असे नंतर कळले. त्यातून कावीळ किंवा एचआयव्ही होऊ शकतो का? — एक वाचक, कोपरी, ठाणे
(२) अक्कलदाढ काढल्यावर दंतवैद्यांनी माझेच रक्त यंत्रात फिरवून त्याचा पांढरट गोळा दाढेच्या खड्ड्यात ठेवला आणि वेगळे पैसे घेतले. हा प्रकार शास्त्रीय आहे का? — एक वाचिका, ऐरोली

उत्तर : दोन्ही पत्रांतील पदार्थ फायब्रिनच आहे, म्हणून एकत्र उत्तर देतो. ग्लूच्या दोन पिचकाऱ्या असतात. एकीत दात्यांच्या प्लाझ्मापासून काढलेले घट्ट फायब्रिनोजेन आणि तेरावा घटक, दुसरीत थ्रॉम्बिन आणि कॅल्शियम. ते एकत्र येताच काही सेकंदांत जखमेवर फायब्रिनचा पातळ थर तयार होतो, आणि साधारण दोन आठवड्यांत शरीर तो स्वतःच मोडून टाकते. तो लवकर मोडू नये म्हणून बऱ्याच ग्लूंत प्लाझ्मिनला रोखणारे ॲप्रोटिनिन घालतात. थ्रॉम्बिन कमी ठेवले तर थर सावकाश घट्ट होतो आणि कलम सरकवून नीट बसवायला अवधी मिळतो. डोळ्यावरील या शस्त्रक्रियेत टाक्यांच्या तुलनेत वेळ कमी लागतो, नंतर खुपत नाही आणि पडदा पुन्हा वाढण्याचे प्रमाणही कमी आढळले आहे. याशिवाय यकृताचा कापलेला पृष्ठभाग, मेंदूचे आवरण, भाजलेल्या जागेवरील त्वचेचे कलम, हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात काढल्यानंतरची जागा, जिथे टाका घालणे अवघड किंवा निरुपयोगी असते तिथे तो वापरतात.

ही कल्पना जुनी आहे. फायब्रिनची भुकटी रक्तस्राव थांबवण्यासाठी १९०९ मध्ये वापरली गेली. १९४० मध्ये यंग आणि मेडावर यांनी तुटलेल्या मज्जातंतूंची टोके प्लाझ्माच्या गुठळीने सांधून दाखवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र करून त्वचेची कलमे चिकटवली गेली. मात्र कोपरीच्या वाचकांची भीतीही निराधार म्हणता येत नाही. अनेक दात्यांच्या एकत्रित प्लाझ्मापासून काढलेल्या फायब्रिनोजेनमधून पूर्वी खरोखरच कावीळ पसरली होती, आणि त्यामुळे अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा परवाना रद्द केला. विषाणू नष्ट करण्याच्या पद्धती पुरेशा भरवशाच्या झाल्यावर, १९९८ मध्ये, तेथे फायब्रिन ग्लूला मान्यता मिळाली. युरोपात तो त्याआधीपासूनच वापरात होता. आता दात्यांची चाचणी होते, प्लाझ्माचीही चाचणी होते, आणि त्यावर उष्णता किंवा द्रावक-प्रक्षालक यांची प्रक्रिया करून विषाणू निकामी केले जातात. धोका शून्य आहे असे कोणतेही माहितीपत्रक म्हणत नाही, पण तो इतका कमी आहे की मी स्वतःच्या डोळ्यासाठी टाक्यांऐवजी ग्लूच निवडीन. प्लाझ्मातील प्रथिने वेगळी करण्याचे काम आपल्या अगदी जवळ, नवी मुंबईत रबाळे येथील रिलायन्स लाइफ सायन्सेसमध्येही चालते.

ऐरोलीच्या वाचिकेच्या दाढेत ठेवले ते प्लेटलेटयुक्त फायब्रिन, ज्याला दंतवैद्य पीआरएफ म्हणतात. फ्रान्समधील शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. रक्तात काहीही न मिसळता ते लगेच यंत्रात फिरवतात. गोठणे आणि थर वेगळे होणे एकाच वेळी घडते, तळाशी तांबड्या पेशी जातात, आणि मधल्या फायब्रिनच्या गोळ्यात प्लेटलेट्स अडकून राहतात. स्वतःचेच रक्त असल्याने संसर्गाची भीती नाही. खालची अक्कलदाढ काढल्यानंतर होणारी ठणक आणि खड्डा कोरडा पडण्याची तक्रार याने कमी होते, असे पुरेसे पुरावे आहेत. हाड लवकर आणि जास्त भरते, या दाव्यासाठीचे पुरावे तितके भक्कम नाहीत. पद्धत शास्त्रीय आहे. मात्र खड्ड्यात एरवीही रक्ताची गुठळी होतेच आणि बहुतेकांची जखम तिनेच भरून येते, त्यामुळे प्रत्येक दाढेला हा खर्च करण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमचे आते-मामे नात्यातले लग्न आहे. बाळाची नाळ पडल्यावर रक्त थांबेना. तपासणीत फायब्रिनोजेन ‘आढळले नाही’ असे आले. आम्हा दोघांना आयुष्यात कधी रक्तस्रावाचा त्रास झालेला नाही. पुढे काय?
— एक आई, नेरूळ

उत्तर : हा जन्मजात दोष दहा लाखांत एखाद्यालाच होतो आणि १९२० मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले. फायब्रिनोजेनची तीनही जनुके चौथ्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. आपणा दोघांकडे बहुधा त्यांपैकी एकाची एक प्रत सदोष आहे आणि दुसरी चांगली. एका चांगल्या प्रतीवर पातळी निम्म्याच्या आसपास राहते आणि सहसा काही त्रास होत नाही. बाळाला दोन्हींकडून सदोष प्रत मिळाली. जवळच्या नात्यातील लग्नात एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, एवढाच याचा अर्थ. यात कोणाचाही अपराध नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही सांगावे.

बाळाला रक्तस्रावाच्या वेळी, आणि काही बाळांना नियमितपणे, क्रायोप्रेसिपिटेट किंवा फायब्रिनोजेनची भुकटी दिली जाते. शरीरात त्याचे अर्धे प्रमाण सुमारे चार दिवस टिकते, त्यामुळे हिमोफिलियाइतक्या वारंवार मात्रा लागत नाहीत. मात्रा ठरवण्याचे काम रक्तविकारतज्ज्ञांचेच, कारण गरजेपेक्षा जास्त दिल्यास याच रुग्णांत गुठळ्याही होऊ शकतात. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन कधीही देऊ नये. लस बारीक सुईने द्यावी आणि ती जागा काही मिनिटे दाबून धरावी. लसीकरण मात्र टाळू नये. डोक्याला मार लागला तर बाहेर काहीही दिसत नसले तरी आधी फायब्रिनोजेन द्यायचे आणि मग सीटी काढायचे, ही सूचना बाळाच्या कार्डावर लिहून ठेवावी.

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. रक्तस्रावाच्या अशा दुर्मीळ विकारांच्या निदानासाठी तेथे चौकशी करता येईल. पुढील अपत्याचा विचार असेल तर गर्भ राहण्यापूर्वीच दोघांच्या जनुकांतील नेमका दोष शोधून घ्यावा. प्रत्येक गर्भात बाळाला हा विकार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि दोष नेमका ठाऊक असेल तर गर्भाची तपासणी पहिल्या तिमाहीच्या अखेरीस करता येते.